सत्तर किलोंची सून

दर शनिवारी सकाळी साडेसातला आमच्या घरी सुनेचं वजन व्हायचं. आधी अंघोळ, मग देवपूजा, मग वजन, मग चहा. हा क्रम मी लावला होता आणि तो मोडायची कुणाची टाप नव्हती. कौमुदी काट्यावर उभी राहायची, मी चष्मा लावून आकडा वाचायची आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहायची. आकडा वाढला की देवापुढे साखर ठेवायची. मनासारखा वाढला नाही, की त्या दिवसापासून तिच्या ताटात एक लाडू जास्त.

मी चंद्रप्रभा. सांगलीची. तोंडानं फटकळ आहे, पण मनात काही ठेवत नाही. माझा मुलगा सुजय एअर फोर्समध्ये आहे, पोस्टिंग लखनौला, म्हणजे शहराबाहेर बख्शी का तालाबला. सून कौमुदी इथल्या एका संस्थेत वनस्पतींची शास्त्रज्ञ. आईबाप मराठी, पण पोरगी लखनौतच जन्मली आणि वाढली. त्यामुळे मी मराठीत विचारायचं आणि तिनं हिंदीत उत्तर द्यायचं, असं आमचं चाललेलं असतं.

गणपतीत कळलं की जुळं आहे. मी फोन खाली ठेवला आणि देवासमोर नवस बोलले, की दोन्ही जीव पोटात नीट धरले, तर त्यांच्या आईची गुळाची तुला करीन. नवस ऐकून आमचे हे, म्हणजे हणमंतराव, म्हणाले, "अगं, गुळाचा भाव काय आहे ठाऊक आहे का?" माणूस एसटीत तीस वर्षं तिकिटं फाडून निवृत्त झाला, दुसरं काय बोलणार?

कौमुदीची आई नागपूरला दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया करून पडलेली, आणि डॉक्टरांनी कौमुदीला प्रवासाला मनाई केलेली. म्हणून दिवाळीतच मी आणि हे डिंक, खारीक, सुकं खोबरं आणि अळिवाची पोती घेऊन लखनौला दाखल झालो. दुसऱ्याच दिवशी डॉक्टर अमृता यांच्याकडे गेलो. बाई नेमक्या बोलणाऱ्या. म्हणाल्या, "अम्मा जी, जुड़वाँ बच्चों को जल्दी बहुत रहती है. आपका और मेरा काम एक ही है, छत्तीस हफ़्ते पार कराना. माँ का वज़न ठीक से बढ़े, तो बच्चे भी ठहरते हैं, बढ़ते हैं."

आम्ही आपले महिने मोजणारे, यांच्यात आठवडे. पण छत्तीस हा आकडा मी डोक्यात खिळा ठोकावा तसा ठोकून घेतला. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आईच्या अंगावर काही असेल तर पोरांना मिळेल. एवढी साधी गोष्ट, त्याला डॉक्टर कशाला व्हायला हवं!

मी कामाला लागले. सकाळी दुधात अळीव, दहा वाजता डिंकाचा लाडू, जेवणात तुपाची धार, चारला पुन्हा लाडू, रात्री पुन्हा लाडू. पोरगी म्हणायची, "आई, प्लीज, अब नहीं जाएगा." मी म्हणायची, "जात नाही म्हणजे काय? एक तुझ्यासाठी आणि दोन त्यांच्यासाठी, हिशोब सरळ आहे." एकदा तिनं हौसेनं मलाई मक्खन मागवलं. इथं थंडीत मिळतं, केशर घातलेला दुधाचा नुसता फेस. तोंडात टाकला की हवा. मी म्हटलं, हे कसलं खाणं? याच्यानं चिमणीचंसुद्धा वजन वाढायचं नाही. द्रोण उचलला आणि यांच्यापुढे ठेवला.

आणि वजन काय वाढत होतं म्हणून सांगू! मूळची छप्पन किलोची पोर दिवाळीत एकोणसाठ होती. डिसेंबर लागला तसा काटा पळायलाच लागला. बासष्ट, चौसष्ट, सहासष्ट. जानेवारीत सत्तर! मी कॅलेंडरचा फोटो काढून सांगलीच्या सगळ्या जावांना पाठवला. दवाखान्यात टेबलापाशी बसणारी मुलगी "काँटे पर आइए" म्हणाली, की मी तो फोटो तिच्या पुढ्यात धरायची. तिथं काट्यावर चढायचं तर जॅकेट काढा, बूट काढा. बाहेर दाट कोहरा, म्हणजे आपलं धुकं, दोनजिवाची बाई थंडीत कशाला कुडकुडेल? "घरी मोजलंय, लिहा सत्तर," असं मीच ठणकावून सांगितलं. माझ्या तोंडाला ती बिचारी काय लागणार!

संक्रांतीच्या आधीच्या शुक्रवारी सोनोग्राफी झाली. एकोणतिसावा आठवडा. डॉक्टर बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या, मग पुन्हा आमच्या कागदाकडे बघितलं.

"माँ का वज़न चौदह किलो बढ़ा है, बहुत बढ़िया," त्या म्हणाल्या. "पर बच्चे उस हिसाब से नहीं बढ़ रहे. ख़ासकर दूसरा. खाना जा कहाँ रहा है?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

त्यांनी समजावून सांगितलं. आई एवढी खातेय, एवढी वाढतेय, तरी बाळं लहान, म्हणजे वारेतून त्यांच्यापर्यंत पोचत नसेल काही. दहा दिवसांनी पुन्हा बघू. तेव्हाही असंच असेल तर दाखल करून घेऊ, बाळांच्या फुफ्फुसांसाठी इंजेक्शनं देऊ, आणि कदाचित बत्तिसाव्यातच बाहेर काढावं लागेल. आत उपाशी राहण्यापेक्षा बाहेर काचेच्या पेटीत बरी.

माझ्या पायाखालची जमीन सरकली. छत्तीस कुठे आणि बत्तीस कुठे! येताना सीतापूर रोडभर कौमुदी गाडीच्या खिडकीला डोकं टेकवून बसली होती, चेहरा पांढराफटक. मला वाटलं, घाबरली बिचारी. मी घरी गेल्या गेल्या तिला दोन लाडू दिले.

आता तुलेला थांबण्यात अर्थ नव्हता. रविवारी करायचीच. बख्शी का तालाबच्या पुढे एका गावात हरिहर नावाच्या शेतकऱ्याचं गुऱ्हाळ आहे, इथले लोक त्याला कोल्हू म्हणतात. गूळ ताजा आणि तराजू भलामोठा, लाकडी फळ्यांचा. देवाचा फोटो मी बरोबर घेतला, म्हणजे झालंच की देऊळ. डॉक्टरांना विचारून सुजयनं परवानगीही काढली, फळी जमिनीपासून वीतभरच वर राहील या अटीवर. आमच्याकडे गुळाची ढेप, तशी यांच्याकडे भेली. हरिहरची एक भेली बरोबर पाच किलोची. मी चौदा भेल्या सांगितल्या. चौदा पंचे सत्तर.

रविवारी बारा वाजता कोहरा फाटला आणि छान ऊन पडलं. कौमुदीला मी हिरवी साडी नेसायला लावली. गुळाची तुला काय जॅकेट घालून करतात? उन्हात गरम होत होतं, म्हणून तिनं सुजयचं जॅकेट, शाल, स्वेटर, आतली लोकरीची विजार, बूट सगळं काढून तिथल्या खाटेवर ठेवलं आणि ती अनवाणी फळीवर जाऊन बसली. सुजय एका बाजूला दोर धरून, हे दुसऱ्या बाजूला. मी हळदकुंकू वाहिलं. हरिहर एकेक भेली ठेवू लागला आणि मी मोठ्यानं मोजू लागले.

दहा झाल्या, अकरा झाल्या. बाराव्या भेलीला कौमुदीची फळी डुगडुगली. तेरावी ठेवली, आणि गुळाची फळी धाडकन जमिनीला टेकली! माझी सत्तर किलोंची सून वर लटकतेय आणि चौदावी भेली हरिहरच्या हातातच.

"थांब, थांब," मी ओरडले. "हरिहर, तुझ्या भेलीत काहीतरी घोळ आहे. पाचाची म्हणून सहाची देतोस की काय?"

हरिहरनं भेली खाली ठेवली आणि कमरेवर हात ठेवले. "अम्मा, बीस बरस से कोल्हू चला रहे हैं. कम तौलने का इल्ज़ाम सबने लगाया. ज़्यादा तौलने का आप पहली हैं."

"मग तुझा तराजू खोटा!"

झालं. माणूस भडकला. तरातरा गेला आणि युरियाचं न फोडलेलं पोतं उचलून आणलं. त्यावर छापलेलं, पंचेचाळीस किलो. कौमुदीला उतरवून पोतं एका फळीवर, नऊ भेल्या दुसऱ्या फळीवर. तराजू असा स्तब्ध उभा राहिला, की वाऱ्यानंही हलेना. आसपासची आठदहा माणसं जमली होती. त्यांच्यातला एक म्हातारा म्हणाला, "तराजू सच्चा है, माताजी. बहू को दोबारा बैठाइए."

पुन्हा बसवली. बारा भेल्या आणि वर तीन किलो सुटा गूळ. त्रेसष्ट. ना इकडे, ना तिकडे.

मी म्हटलं, "सुजय, तुझं मशीन बिघडलंय."

"आई, मशीन नवीन आहे."

"नवीन असून बिघडलंय! सात किलो काय हवेत गेले?"

तेवढ्यात फळीवर बसल्या बसल्या कौमुदीनं तोंडावर पदर घेतला आणि ती हुंदके द्यायला लागली. आम्ही सगळे धावलो. मला वाटलं, कळा सुरू झाल्या! तोंडचं पाणी पळालं माझ्या.

"तराजू ठीक आहे, आई," ती म्हणाली. "मी… मैं लड्डू जेब में रखती थी."

"काय ठेवायचीस?"

"लड्डू. खाए नहीं जाते थे. घी से उलटी होती थी. डब्यात जमा करायची, आणि शनिवारी सगळे सुजयच्या जॅकेटच्या खिशांत घालून काट्यावर उभी राहायची. वजन दिखना चाहिए था ना."

प्रयोगशाळेत मिलिग्रॅमसुद्धा चुकू न देणारी ही बाई, आणि घरी खिशात लाडू घालून वजन देत होती! माझे लाडू तिच्या अंगावर होते खरे, पण अंगी लागलेले नव्हते. मी म्हटलं, "आणि वजन झाल्यावर लाडवांचं काय करायचीस?"

कौमुदीनं यांच्याकडे बघितलं. हे मात्र एकदम ऊस बघायला लागले. तेव्हा माझ्या लक्षात आलं. दिवाळीपासून यांची विजार तीनदा सैल करून घेतली होती. मला वाटत होतं, लखनौची हवा मानवली.

"अहो!"

"अगं, टाकून कसे द्यायचे? अन्न आहे," हे म्हणाले. सासरा आणि सून, दोघांची अळीमिळी गुपचिळी!

"लाज नाही वाटत? सुनेच्या वाटचं खाताना घास कसा उतरला घशाखाली?"

"मला वाटायचं, लाडू सोडून बाकीचं ती नीट खाते. रडायची गं ती, स्वयंपाकघरात तोंड लपवून. तुला कोण सांगणार?"

सुजय शांतपणे म्हणाला, "पण आई, आठवड्याचे लाडू म्हणजे फार तर दीड किलो. सात कसे?"

कौमुदीनं डोळे पुसले. तिलाही ते कळेना. "मैंने भी डेढ़ ही सोचा था," ती म्हणाली. "इसीलिए चुप रही. दीड किलोनं काय फरक पडणार, असं वाटलं. शुक्रवारी डॉक्टर बोलल्या तेव्हा सांगणारच होते, पण आपने घर आते ही लड्डू…"

हरिहरनं आमच्या घरच्या भांडणाकडे बघत बघत खाटेवरचा ढीग उचलला आणि फळीवर टाकला. सुजयचं जॅकेट, दोन स्वेटर, शाल, लोकरीची विजार, बूट. दुसऱ्या फळीवर एक भेली आणि अर्धा किलो. साडेपाच किलो! दिवाळीत पोरगी सुती गाऊनवर उभी राहिली होती. थंडी वाढत गेली, तसा दर शनिवारी तिच्या अंगावर एकेक कपडा चढत गेला, आणि तो सगळा मी वजन म्हणून लिहीत गेले.

"हे सगळं तिच्या अंगावर कोण चढवत होतं?" सुजयनं विचारलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. युरियाचं पोतंसुद्धा माझ्याकडे बघतंय असं वाटलं. सांगलीच्या माणसाला इथली थंडी म्हणजे हिमालय. कौमुदी इथलीच, तिला एक स्वेटर पुरायचा. पण मीच तिच्यामागे लागायची, हे घाल, ते घाल, पोरांना गारठा लागेल.

मी उसाचा रस उकळत होता त्या कढईच्या मागे जाऊन दुसऱ्या खाटेवर बसले. राग आला होता. आधी तिचा आला, मग यांचा आला, आणि मग दुसरं कुणी उरलं नाही तेव्हा माझा मलाच आला. थोड्या वेळानं कौमुदी पोट सांभाळत आली आणि शेजारी बसली.

"आई, मला आपसे डर लगता था," ती म्हणाली. "काटा नाही हलला की आपका चेहरा… तो बघवायचा नाही. म्हणून."

मी मनात काही ठेवत नाही, असं सगळ्यांना सांगत फिरते. पण एक गोष्ट एकतीस वर्षं ठेवली होती, ती तिथं गुळाच्या वाफेत तिला सांगितली. "माझंही जुळंच होतं, बाळा. सुजय आणि एक मुलगी. माझी सासू म्हणायची, पोटभर खाल्लंस तर पोरांना जागा उरणार नाही. मी अर्ध्या भाकरीवर दिवस काढायची. बेचाळीस किलोची होते मी. सातव्यात बाळंत झाले. सुजय रडला. ती रडलीच नाही. सासूला उलट उत्तर द्यायची माझी हिंमत नव्हती गं. तेव्हा ठरवलं होतं, माझ्या सुनेला कधी उपाशी ठेवायची नाही."

कौमुदीनं माझा हात धरला. मग माझ्या लक्षात आलं, की सासूला उलट उत्तर द्यायची हिंमत हिचीही नव्हती. माझ्या सासूनं मला उपाशी ठेवलं, आणि मी हिला खायला घालून घालून उपाशी ठेवलं. मला इतकं वाईट वाटलं, की मी तिथंच रडले. आणि माझ्यासारखी बाई रडते म्हणजे गावाला ऐकू जातं.

डॉक्टरांना तिथूनच फोन लावला. आधी त्यांनी कौमुदीला झापलं, मग मला झापलं, मग फोनवर त्यांचा हसण्याचा आवाज आला. हसणं थांबल्यावर म्हणाल्या, "अम्मा जी, अच्छी ख़बर है. अब कम से कम पता तो है, गड़बड़ कहाँ है. माँ को ही कम मिल रहा है, तो देकर देखते हैं. दवाई नहीं, खाना. थोड़ा-थोड़ा, हर दो घंटे में. जो इसे पचे. और वज़न पतले कपड़ों में."

जे तिला पचेल ते. हे शब्द माझ्या घशाखाली उतरायला दोन दिवस लागले. लाडवांचा डबा मी हरिहरच्या पोरांना देऊन टाकला. कौमुदीला विचारलं, तुला काय आवडतं? तीन महिन्यांत पहिल्यांदा विचारलं, खरं सांगते. ती म्हणाली, उकडलेली अंडी, पनीर, ताजे मटार, भाजलेले शेंगदाणे, मूगडाळीची खिचडी. आणि ते मलाई मक्खन. मी म्हटलं, "फेस खा बाई, तुझी मर्जी." दर दोन तासांनी वाटीभर. तिनं अर्ध्यात हात थांबवला, की मी तोंडात पदर कोंबून स्वयंपाकघरात निघून जायची. माझ्या आयुष्यात मी एवढं कठीण काम दुसरं केलेलं नाही. हे म्हणायचे, "चंद्रा, आज किती वेळा गप्प बसलीस?" मी लाटणं दाखवायची.

दहा दिवसांनी सोनोग्राफी. दोघंही वाढली होती. दुसरं अजून लहानच, पण सरकलं होतं पुढे. दाखल व्हायचं टळलं. बत्तिसावा आठवडा आला आणि गेला. तिचं वजन आता आठवड्याला पाऊण किलो वाढत होतं, गाऊनवर, अनवाणी. कधी अर्धाच वाढायचा, आणि मी काही न बोलता चहा टाकायची. चौतिसावा गेला. कोहरा संपला, कौमुदीला एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळायला मी आणि सुजय दोघं लागायला लागलो. छत्तिसावा आठवडा ज्या दिवशी पुरा झाला, त्या दिवशी मी डॉक्टरांना फोन करून नुसतं "झाले!" एवढंच म्हटलं. त्या म्हणाल्या, "अभी रुकिए, जितने दिन मिलें, मुनाफ़ा है."

पाच दिवस आणखी मिळाले. होळीच्या तोंडावर पहाटे तिच्या कळा सुरू झाल्या. दुसरं बाळ आडवं होतं, म्हणून ऑपरेशन. सुजय दाराशी येरझाऱ्या घालत होता, हे जप करत होते, आणि मी ताठ बसले होते. जप आठवेना, देव आठवेना.

दार उघडलं आणि नर्स एक गाठोडं घेऊन बाहेर आली. "मुबारक हो, लड़का! दो किलो चार सौ. लीजिए दादी, मुँह देखिए."

सुजय धावला, हे धावले. मी जागची उठले नाही.

"दुसरं कुठंय?" मी विचारलं.

"अरे दादी, पहले इसको तो…"

"दुसरं कुठंय ते आधी सांगा!" मी एवढ्यानं ओरडले, की आतून कुणीतरी डोकावलं. मला पोराचं तोंड बघायचंच नव्हतं. बघितलं असतं तर मला आनंद झाला असता, आणि एकाचा आनंद मी एकदा केला होता.

मग आतून आवाज आला. बारीक, चिडका, अगदी भांडखोर. आवाज थांबेचना. दुसरी नर्स येईपर्यंत तो चालूच राहिला.

"लड़की. दो किलो सौ. बहुत ग़ुस्से वाली है."

मी उठले आणि दोन्ही हात पुढे केले. एकात तो, एकात ती. तोंडं बघायची होती, पण समोरचं सगळं पाण्यात बुडालेलं.

"अहो," मी म्हटलं, "माझा चष्मा काढा आणि डोळे पुसा. मला हात नाहीत."